तळे राखणारीचे नाव यादीत कधी?



'तळे राखील तो पाणी चाखील' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. राखणदार थोडा हात मारणारच, असा तिचा रोख. पण रिसोड तालुक्यातल्या भोई वस्त्यांमध्ये काम करताना मला या म्हणीतला 'तो' खटकू लागला आहे. तळे प्रत्यक्षात राखते कोण, त्यावर राबते कोण, आणि कागदावर राखणदार म्हणून नाव लागते कोणाचे, हा प्रश्न या अंकाच्या मुळाशी आहे.

पाणी, मासळी आणि बाईचे श्रम हा विषय ठरला तेव्हा बैठकीत काही जणींनी विचारले, "वाशीम जिल्ह्यात कसला आलाय मासेमारीचा प्रश्न? तो कोकणातल्या कोळणींचा." शंका स्वाभाविक आहे. आपला भाग म्हटला की कापूस, सोयाबीन, तूर, कर्ज आणि आत्महत्या एवढेच डोळ्यांपुढे येते. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. पण पैनगंगेचे पात्र, तिच्यावरचे बॅरेजेस, लघुसिंचनाचे तलाव आणि गावोगावचे पाझर तलाव यांच्या पाण्यावर जगणारी कुटुंबे आपल्याच तालुक्यात आहेत. भटक्या जमातीत गणला जाणारा भोई समाज त्यांत मुख्य. यांच्याकडे शेती नाही, असली तर नावापुरती. तलाव हेच त्यांचे शेत. आणि शेतावर बाईचे नाव नसते हा जो आपला जुना अनुभव, तोच या पाण्याच्या शेतावरही येतो.

यातले कित्येक तलाव बांधले कोणी, हे आधी आठवू या. १९७२च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर महाराष्ट्रभर बंधारे, पाझर तलाव, रस्ते झाले. त्या कामांवर मातीच्या टोपल्या वाहणाऱ्यांत बायांची संख्या फार मोठी होती. तान्हे मूल झाडाखाली झोळीत टाकून दिवसभर माती वाहिलेल्या बाया आज आपल्या गावात म्हाताऱ्या झालेल्या दिसतील. त्यांच्या डोक्यावरच्या मातीतून तलावाचा बांध उभा राहिला. पण तलाव झाल्यावर त्याच्या पाण्याचे आणि मासळीचे हक्क ठरवण्याची वेळ आली, तेव्हा त्या हजेरीपटावरच्या बाया कोणत्याच यादीत उरल्या नाहीत.

ही यादी म्हणजे मच्छीमार सहकारी संस्थेची सभासद यादी. ज्यांना या व्यवहाराची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तलावातील मासेमारीचा हक्क ठेक्याने दिला जातो, साधारणपणे पाच वर्षांसाठी, आणि त्यात स्थानिक मच्छीमारांच्या सहकारी संस्थेला प्राधान्य असते. संस्था पावसाळ्यात कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली विकत आणून तलावात सोडते, राखण करते, आणि दिवाळीनंतर पाणी उतरत जाते तसतशी मासळी काढते. कल्पना चांगली आहे. पाणी सरकारचे, पण त्यावर जगणाऱ्यांनी मिळून ते सांभाळावे, काय सोडायचे, किती काढायचे, केव्हा थांबायचे हे त्यांनीच ठरवावे. आज ज्याला लोकसहभागातून व्यवस्थापन म्हणतात, ते आपल्या सहकाराने कितीतरी आधी कागदावर मांडले. अडचण इतकीच की सभासदत्व 'क्रियाशील मच्छीमारा'ला मिळते, आणि क्रियाशील म्हणजे पाण्यात उतरून जाळे टाकणारा, असा अर्थ संस्थांनी आपल्या सोयीने लावून घेतला आहे. जाळे टाकतो पुरुष. म्हणून मच्छीमार पुरुष.

आता बाई काय करते ते पाहा. तंगूसाचे जाळे फाटले की रात्री दिव्याखाली बसून ते दुरुस्त करणारी ती. पहाटे तलावाच्या काठावर मासळी निवडणारी, लहान-मोठी वेगळी करणारी ती. डोक्यावर टोपले घेऊन, नाहीतर ऑटोच्या मागच्या सीटवर दाटीवाटीने बसून आठवडी बाजार गाठणारी ती. बाजारात तिची जागा कुठे, तर सगळ्यात शेवटी, गटाराच्या कडेला. तिथे सावली नाही, हात धुवायला पाणी नाही, लघवीला आडोसा नाही. गिऱ्हाईक भाव पाडून मागते, आणि वर मासा खवले काढून, कापून देण्याचे काम फुकट. दुपारनंतर उरलेला माल खराब होतो, तो तोटा तिचाच. ट्रकमधून बर्फात येणाऱ्या आंध्रच्या मासळीशी तिला टक्कर द्यावी लागते. संध्याकाळी घरी परतताना तेल-मीठ-पीठ घेऊन येणारीही तीच. एका वस्तीत एक काकू मला म्हणाल्या, "ताई, जायं सुधराचं आमी, मासोया इकाच्या आमी, अन् कागदावर नाव मातर घरधन्याचं." यापेक्षा नेमके मला लिहिता येणार नाही.

"नाव घरधन्याचे असले म्हणून काय बिघडले? पैसा तर घरातच येतो," असे आपल्याला ऐकवले जाते. बरेच बिघडते.

पहिली गोष्ट, नवरा गेला की बाई रस्त्यावर येते. सभासदाच्या मृत्यूनंतर त्याचा भाग वारसाच्या किंवा नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे होऊ शकतो, अशी सहकार कायद्यात तरतूद आहे. पण नामनिर्देशनाच्या रकान्यात मुलाचे किंवा भावाचे नाव असते, किंवा रकाना कोराच असतो. मग काल जी बाई त्याच तलावाची मासळी विकत होती, ती आज बाहेरची ठरते आणि व्यापाऱ्याकडून चढ्या भावाने माल घेऊन विकते.

दुसरी गोष्ट, निर्णय. बोटुकली कुठून आणायची, तलाव कोणत्या भावाने कोणाला द्यायचा हे सभेत ठरते. नियमात बसत नसले तरी अनेक ठिकाणी पोटठेका चालतो. व्यापारी आगाऊ रक्कम देतो, तलाव त्याच्या हाती जातो आणि सभासद आपल्याच तलावावर मजूर होतात. आगाऊ रक्कम पुरुषांच्या हाती पडते. त्यातली किती घरी येते आणि किती वाटेवरच्या दुकानात रिकामी होते, हे दारूबंदीच्या आंदोलनात उतरलेल्या आपल्यासारख्यांना सांगायला नको. पण तलाव व्यापाऱ्याकडे गेला की बाईचा विक्रीचा धंदाच जातो. ज्या निर्णयाने तिची रोजी बुडते, त्या सभेत तिला खुर्ची नसते.

तिसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही. तलाव म्हणजे फक्त बाजारात जाणारे कटला-रोहू नव्हेत. काठच्या उथळ पाण्यात झिंगे, लहान चिल्लर मासळी मिळते. गरीब घरातल्या बाया आणि पोरी हातजाळ्याने, कधी जुन्या लुगड्याच्या धडप्याने ती धरतात. ती विकली जात नाही, घरच्या कालवणात जाते. गरोदर बाईच्या आणि लहान लेकरांच्या ताटात येणारे ते सगळ्यात स्वस्त सकस अन्न. संस्थेने तलाव घेतला, महाग बोटुकली सोडली, राखणदार बसवला, की काठावरची ही बाई 'चोर' ठरते. मासळी राखण्याचा नियम चुकीचा नसतो. पण नियम करताना तिचे ताट कोणाच्याच लक्षात आलेले नसते, कारण ते लक्षात आणून देणारी तिथे कोणी नसते.

हा अनुभव फक्त आपला नाही. म्हणून जरा लांबचे एक उदाहरण घेते. प्रशांत महासागरात फिजी हा बेटांचा देश आहे. तिथे किनाऱ्यालगतच्या समुद्रावर गावांचा परंपरेने हक्क असतो. उकुनिवानुआ नावाच्या गावातल्या बाया ओहोटीच्या वेळी चिखलात हाताने चाचपून 'काइकोसो' जातीचे शिंपले गोळा करतात. घरचे खाणे आणि बाजार दोन्ही त्यावर. नव्वदच्या दशकात शिंपले इतके कमी झाले की थोडे मिळवायलाही तासन् तास घालवावे लागत. १९९७ साली गावाने, तिथल्या विद्यापीठाच्या मदतीने, सुमारे २४ हेक्टर भागात शिंपले काढणे ठरावीक वर्षांसाठी बंद केले. कोणीतरी वरून हुकूम काढला म्हणून ते घडले नाही. गावानेच एक गट नेमला, त्यात पुरुष, बाया आणि तरुण असे सगळे होते. शिंपले मोजायचे कसे हे त्यांना शिकवले गेले आणि मोजणी गावकऱ्यांनीच केली. काही वर्षांत बंद भागात शिंपले कित्येक पटींनी वाढले आणि शेजारच्या खुल्या भागातही वाढले. मग इतर गावांनी हे उचलले, गावांचे जाळे तयार झाले आणि २००२ साली त्याला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाशी निगडित असलेले इक्वेटर पारितोषिक मिळाले.

फिजी म्हणजे काही बायांचे नंदनवन नव्हे. तिथल्या गावबैठकीतही मानाची जागा पुरुषांचीच असते. तरी यातून घेण्यासारखे एक आहे. पाणी बंद ठेवायचे तर ज्यांची चूल त्यामुळे बंद पडणार, त्यांचे म्हणणे आधी ऐकावे लागते आणि मोजमाप त्यांच्या हाती द्यावे लागते. चिखलात रोज हात घालणाऱ्या बाईला शिंपला कुठे वाढतो, केव्हा अंडी घालतो, हे माहीत असते. ते ज्ञान वगळून केलेले व्यवस्थापन अर्धेच राहते.

इतक्या लांब जायला नको म्हणाल तर आपल्याच विदर्भात पूर्वेकडे पाहा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत गोंड राजांच्या काळापासून बांधले गेलेले हजारो तलाव आहेत. मालगुजारी संपल्यावर ते सरकारकडे गेले आणि 'मामा तलाव' म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. तिथला ढिवर समाज त्यांवर जगतो. कटला-रोहूच्या मागे लागून स्थानिक जातींचे मासे कमी झाले, पाणवनस्पती गेल्या, काठावर बेशरम माजली. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिवरांच्या संस्थांबरोबर या तलावांचा अभ्यास केला. तलावात कोणती वनस्पती असली की कोणता मासा टिकतो, हे समाजातल्या जाणत्यांकडूनच समजून घेतले आणि मग उन्हाळ्यात बेशरम उपटणे, तलावाचा तळ नांगरणे, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावणे अशी कामे झाली. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या निमगावच्या शालू कोल्हे यांनी या कामात ढिवर बायांना संघटित केले. तलावात उतरून वनस्पती लावणाऱ्या बाया मच्छीमार संस्थेत का नसाव्यात, ग्रामसभेत का बोलू नयेत, हा आग्रह त्यांनी धरला. तो सहजासहजी मानला गेला नाही, पण प्रश्न एकदा उभा राहिला तो राहिलाच.

आपल्याकडे हा प्रश्न आत्ताच उभा करायला हवा, कारण सध्या याद्या बनण्याचा काळ आहे. सप्टेंबर २०२४मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंच सुरू केला. त्यावर मच्छीमार, मासळी विकणारे, संस्था या सगळ्यांची नोंदणी करायची आहे. एप्रिल २०२५मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषी क्षेत्राचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. शेतीसारखे कर्ज, शेतीच्या दराने वीज, विमा यांची दारे त्यामुळे उघडतात. निर्णयाचे स्वागतच आहे. पण 'शेतीसारखे' हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. शेतीत बाईचे काय झाले ते आपण जगलो आहोत. पेरणी, निंदणी, वेचणी तिची, आणि शेतकरी मात्र सातबाऱ्यावर नाव असलेला. २०१९पासूनची पीएम किसान योजना जमिनीच्या नोंदीवर चालते. ज्याचे नाव त्याचे खाते. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ साली विदर्भ-मराठवाड्याच्या ११ जिल्ह्यांत आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील ५०५ बायांचा अभ्यास केला. त्यांतल्या सुमारे ४० टक्के जणींच्या नावे नवऱ्याची शेतजमीन झालेली नव्हती. १९८६च्या चांदवड अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, बायकोच्या नावे जमीन करून देणाऱ्या शेतकऱ्यांचे सत्कार झाले. ती मोठी गोष्ट होती. पण बनलेली यादी नंतर दुरुस्त करायला पिढ्या लागतात, हाही त्यातला धडा आहे. मासळीची यादी अजून ओली आहे, तोवरच तिच्यात बाईचे नाव घातले पाहिजे.

यात एक विसंगती सांगण्यासारखी आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. त्यामुळे प्रस्ताव बाईच्या नावे करायला घरातले पुरुष आनंदाने तयार होतात. तळे तिच्या नावे, अंगठा किंवा सही तिची, बँकेचा बोजा तिच्यावर, आणि व्यवहार दुसऱ्याच्या हाती. म्हणजे अनुदानाला बाईचे नाव चालते, सभासदत्वाला चालत नाही. सरपंचपतीचा अनुभव असलेल्या आपल्या गटांनी हा 'तलावपती' वेळीच ओळखावा.

काही आक्षेप प्रामाणिक आहेत, त्यांची दखल घ्यायला हवी. संस्थेचे पदाधिकारी म्हणतात, "तलाव एवढासा, सभासद आधीच जास्त. बायांना घेतले तर वाटा किती उरेल?" वाट्याची चिंता खरी आहे. पण नवरा-बायको दोघे सभासद झाले म्हणून मासळी काढणारी कुटुंबे वाढत नाहीत. कुटुंबाचा वाटा एक ठेवून मत दोघांना देता येईल का, पोटनियमात काय बदल लागेल, यावर बसून बोलता येते. दुसरा आक्षेप आपल्याच बायांचा असतो. "घरचं, बाजाराचं करून अजून मिटिंगा कधी करायच्या?" हा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सहभागाच्या नावाखाली बाईवर आणखी एक बिनपगारी काम लादणे, हे बचत गटांच्या बाबतीत पुष्कळदा घडले. म्हणून सभेची वेळ बाजाराच्या दिवशी नसावी, तलावाच्या राखणीची आणि साफसफाईची मजुरी बायांनाही मिळावी, हे सभासदत्वाच्या मागणीबरोबरच मागावे लागेल.

मच्छीमार कोणाला म्हणायचे, याचे उत्तर जगाने दिलेले आहे. २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने लघुमासेमारीबाबत मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. मासळी धरण्याच्या आधीचे आणि नंतरचे काम, म्हणजे जाळी विणण्यापासून विकण्यापर्यंतचे सगळे, त्यांनी मासेमारीतच धरले आहे आणि स्त्री-पुरुष समता हे मूलतत्त्व मानले आहे. ही तत्त्वे चंद्रिका शर्मा यांच्या स्मृतीला अर्पण केलेली आहेत. मासेमार समूहांच्या, विशेषतः त्यातल्या बायांच्या हक्कांसाठी आयुष्यभर झटणाऱ्या या भारतीय कार्यकर्तीचे विमान मार्च २०१४मध्ये बेपत्ता झाले, तेव्हा त्या अशाच एका बैठकीला निघाल्या होत्या. त्यांचे काम आपल्या भाषेत, आपल्या तालुक्यात आणणे आपल्याकडे आहे.

प्रत्यक्षात काय करता येईल? आपापल्या तालुक्यातल्या मच्छीमार संस्थांच्या सभासद याद्या मागवा आणि त्यातली बायांची नावे मोजा. नामनिर्देशनाचा रकाना भरलेला आहे का, कोणाच्या नावे आहे, ते पाहा. तो अर्ज भरायला एक दिवस पुरतो आणि त्याने एखादीचे उरलेले आयुष्य सावरते. बायांचे सभासदत्वाचे अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०च्या कलम २३ नुसार पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि नाकारल्यास निबंधकाकडे अपील करता येते. त्याच कायद्यातील २०१३च्या दुरुस्तीनंतर व्यवस्थापन समितीत महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत. यादीत बाईच नसेल तर त्या जागा भरणार कुठून, हे सभेत उभे राहून विचारा. डिजिटल मंचावर नोंदणी होते तिथे मासळी विकणाऱ्या बाईची नोंद तिच्या स्वतःच्या नावाने करून घ्या, 'अमक्याची पत्नी' म्हणून नव्हे. आणि काठावर हातजाळ्याने मासळी धरण्याचा घरगुती हक्क ठेक्याच्या अटींत लिहून घेण्याची मागणी करा.

हे एकट्या भोई किंवा ढिवर बायांनी करायचे काम नाही. गावातल्या बाकीच्या बाया त्यांच्यापासून जातीने आणि वासाने लांब बसतात, हे कटू असले तरी खरे आहे. आपल्या मेळाव्यात शेतकरी बाई येते, शेतमजूर बाई येते, अंगणवाडी सेविका येते. मासळीवाली अजून फारशी येत नाही. आपला गट सगळ्या बायांचा आहे असे म्हणताना तीही त्यात आहे का, हे तपासायला हवे. पुढच्या बैठकीला तिला बोलवा. बैठक बाजाराच्या दिवशी ठेवू नका, आणि ठेवलीच तर बाजारातच, तिच्या टोपल्याशेजारी बसून घ्या.

तुमच्या तालुक्यातल्या यादीत काय सापडले ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात ते मांडू.